चंदेरी बुडाचे रोडगे

टण्ण!

दुपारचे अडीच. तान्हा संघर्ष मोठ्या मुश्किलीने झोपलेला, चार वर्षांची छकुली भिंतीकडे तोंड करून झोपेचं नाटक करत असलेली, सासूबाईंचं घोरणं पहिल्या गिअरमध्ये! अशा सोन्यासारख्या शांततेत मी धुण्यासाठी नवऱ्याची पँट झटकली आणि खिशातून जीपचा एक नट फरशीवर पडला. गडगडत थेट पाळण्याखाली गेला. पाळण्यातून "ट्यँ!" झालं. संपली माझी दुपार!

मैत्रिणींनो, त्याच क्षणी मी ठरवलं. त्या जीपचा निकाल आता मीच लावणार!

जीप सासऱ्यांची. सासूबाई नवरी होऊन तिच्यातूनच धामणगाव बढ्याला आल्या होत्या. तीन वर्षांपूर्वी सासरे गेले आणि जीप कोंबड्यांनी ताब्यात घेतली. मग अविनाशने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, तिला नवा जन्म द्यायचं मनावर घेतलं. बॉनेट काढून टाकलं, रुंद टायर लावले, आणि इंजिनातला धूर बाहेर नेणारे चार पाईप असे बाजूला काढले की रस्त्यावरच्या माणसाला दिसलेच पाहिजेत. अविनाश तिला 'हॉट रॉड' म्हणतो. सासूबाई 'यायची गाडी', म्हणजे सासऱ्यांची गाडी, म्हणतात. गाव 'सांगाडा' म्हणतं.

सासूबाईंनी नवस बोलला होता. "यायची गाडी चालू झाली की मारुतीले रोडग्यायचा निवद. अन् निवद त्याच गाडीत नेईन, पुढच्या शिटावर बसून!"

रविवार ठरला. सत्तर माणसांना आवतण गेलं. गाडी चालू लागली होती, अडलं होतं फक्त पाईपांच्या रंगाचं. साधा चंदेरी रंग दोनदा लावून झाला. दुसऱ्या वेळी जीप एस.टी. स्टँडपर्यंत पोचायच्या आधीच तो असा धुरावला की मोतीराम हॉटेलवाल्याने 'आग लागली बाप्पा!' म्हणत खरकट्या पाण्याची अख्खी बादली इंजिनावर ओतली.

"पाईपाचा रंग मी निवडते!" मी जाहीर केलं.

"तू?" अविनाश हसला.

"या घरातली एकन् एक भिंत मी निवडलेल्या रंगाची आहे. उडाला का एक तरी?"

"भिंत तापत नाई वं!"

"तुमच्या आई तापतात ना! तरी स्वयंपाकघराचा रंग टिकलाच!"

आतलं घोरणं थांबल्यासारखं वाटलं, म्हणून पुढचं वाक्य मी गिळलं.

मग माझा अभ्यास सुरू! कडेवर बाळ, डाव्या हातात मोबाईल. क्रोमचा मुलामा नव्या नवरीसारखा चमकतो, पण चार दिवस तापला की निळा-पिवळा पडतो. रद्द! कापडी पट्टी गुंडाळावी, तर ती आत ओल धरते आणि पाईप बिचारा गुपचूप गंजतो. रद्द! सिरॅमिकचा थर सगळ्यांत टिकाऊ, पण पाईप दूरच्या शहरात पाठवायचे आणि तीन आठवडे देवाचं नाव घेत बसायचं. मारुती काय तीन आठवडे उपाशी राहणार? रद्द! उरला भट्टीच्या आचेलाही दाद न देणारा खास चंदेरी रंग. अविनाशने तो बुलढाण्याहून आणला. शनिवारी मी स्वतःच्या हाताने पाईप पुसले, स्वतःच्या हाताने रंगवले. काय दिसत होते म्हणून सांगू! पैंजणच!

पण डब्यावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं: रंग लावल्यावर हळूहळू भाजा. भाजल्याशिवाय तो रंग म्हणजे नुसती पावडर-लाली!

माझ्या केकच्या ओव्हनमध्ये पाईपाचा गुडघासुद्धा मावेना. आणि रविवारी सकाळी अंगणात पाहते तर काय, रोडग्यांसाठी, म्हणजे कणकेचे गोळे भाजायला, गोवऱ्यांचा लालबुंद निखारा पडलेला! मंद, एकसारखी आच! माझ्या डोक्यात वीज चमकली. गोठ्यामागे सासऱ्यांची जुनी पत्र्याची पेटी होती. खाली निखारे, झाकणावर निखारे, आत विटांवर पाईप आडवे. झाला ओव्हन! कुठल्या इंजिनिअरला सुचलं असतं?

"इथून हलू नका," मी अविनाशला बजावलं आणि संघर्षला पाजायला आत गेले.

दहा मिनिटांत अविनाशला जीपची बॅटरी आठवली. तो हलला.

आता तुळशीराम काकांबद्दल सांगायला हवं. हे माझे चुलत सासरे, पंचक्रोशीत रोडग्यांचे जाणकार. नुसत्या बोटाने दाबून रोडगा कच्चा की पक्का ते सांगतात. बोटानेच, कारण चाळीस वर्षं तपकीर ओढून नाक कधीच कामातून गेलंय. त्या दिवशी कणकेचे गोळे जास्त झाले आणि निखाऱ्यात जागा उरली नाही. काका गोवऱ्या आणायला गोठ्यामागे गेले. तिथे तापलेली पेटी! झाकण उघडून पाहतात तर आत चार नळ्यांची चंदेरी जाळी!

दुसरा कोणी असता तर त्याने विचारलं असतं, हे काय आहे? काका जाणकार ना! जाणकार विचारत नाहीत. त्यांनी माझ्या पाईपांवर अकरा रोडगे ओळीने मांडले आणि झाकण लावून टाकलं.

बाळाला थोपटून तासाभराने मी बाहेर आले तर अंगणात माझाच जयजयकार!

"सून असावी तं अशी!" काका परातीतला रोडगा उंच धरून सांगत होते. "ओव्हनवाली हाय ना! पेटीत जाळी ठेवून भट्टीच केली पोट्टीनं! राखेचा एक कण नाई पाहा!"

"अन् बुडाले चांदीचा वर्ख!" शेजारच्या जनकाबाईंनी रोडगा उलटा करून दाखवला. "मारुतीले वर्खाचा रोडगा अख्ख्या तालुक्यात कोनं देल्ला नसन!"

"वास काहून उग्र येते, वं?" कोणीतरी विचारलं.

"कापूर घातला अशीन!" जनकाबाईंनी परस्पर उत्तरही देऊन टाकलं.

माझ्या पायांखालची जमीन मोताळ्यापर्यंत सरकली. तेवढ्यात सासूबाई आल्या. त्यांनी त्या परातीतले पाच चांगले रोडगे उचलले, निवदाच्या ताटात मांडले, वर तुपाची धार सोडली. मग माझ्याकडे पाहिलं आणि पाच वर्षांत पहिल्यांदाच, सत्तर माणसांदेखत, माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"माह्या मनातलं वळखलंस तू, समीक्षा. यायले बी असं नवीन काई केलेलं लय आवडे."

सांगा मैत्रिणींनो, काय करायचं माणसाने? पाच वर्षं मी या एका हाताची वाट पाहिली होती! त्याच वेळी परातीतून एक रोडगा छकुलीच्या हातात गेला आणि तिने आ वासला.

"खाऊ नको!" मी अशी किंचाळले की रोडगा तिच्या हातून सुटला आणि गोठ्यातल्या म्हशीने दावं तोडलं. "कोणीच खाऊ नका! तो वर्ख नाही, रंग आहे! ती जाळी नाही, जीपचे पाईप आहेत! मीच ठेवले होते भाजायला!"

निवदाच्या ताटात तुपाचा थेंब टपकला.

"म्हंजे..." तुळशीराम काका हातातल्या रोडग्याकडे बघत म्हणाले, "थे जाळी नव्हती?"

सासूबाईंचा हात माझ्या डोक्यावरून कधीच खाली गेला होता. त्यांनी ताटाकडे पाहिलं. गोठ्याकडे पाहिलं. अविनाशकडे पाहिलं, तर तो बॅटरीमागे लपायचा प्रयत्न करत होता.

"निखाऱ्यातले दुसरे रोडगे घ्या निवदाले," त्या शेवटी म्हणाल्या. "हे कुत्र्यायच्या बी तोंडी नोका लागू देऊ, पुरून टाका. अन् अविनाश, पाईप बसव! मारुतीले भूक लागली अशीन."

पाईप बाहेर काढले. काकांनी अकरा रोडगे काढले होते खरे, पण प्रत्येकाच्या बुडाचा थोडा भाग पाईपांवरच राहिला होता! अकरा गोल खरपूस पापुद्रे पाईपांना पदकांसारखे चिकटलेले! अविनाशने तारेच्या ब्रशने घासलं, छिन्नीने ठोकलं. छिन्नी बोथट झाली, रोडगा जागचा हलला नाही. शेवटी होते तसेच पाईप बसवले.

आणि जीप चालू झाली! असा आवाज की जनकाबाईंनी कानात पदर कोंबला. सासूबाई पुढच्या शिटावर बसल्या, मांडीवर ताट, डोक्यावर पदर. मागे मी, संघर्ष, छकुली आणि अपराधी चेहऱ्याचे काका. पाईप तापले तसा रोडगे भाजल्याचा घमघमाट सुटला. बाजारगल्लीतून निघालो तेव्हा मागे सात कुत्री होती. शेतरस्त्याला लागेपर्यंत वरात झाली!

"असाच आवाज करे हे," सासूबाई पुढे बघत हळूच म्हणाल्या. "मी लग्नात आली तवा बी." मग मान न वळवताच त्यांनी हात मागे केला आणि माझा गुडघा थोपटला. दोनदा. मी मोजलं.

देवळापाशी उतरलो. निवद झाला, नवस फिटला. मी पदराने डोळे पुसत होते, तेवढ्यात अविनाशने मला जीपपाशी बोलावलं. माझा खास, भट्टीलाही दाद न देणारा रंग जागोजाग पोपडे होऊन लोंबत होता. वाऱ्यावर एकेक चंदेरी कपटा उडून चालला होता.

"समीक्षा, रंग द्यायच्या आंधी पाईप कायनं पुसले होते?"

"फडक्याने."

"कोन्या फडक्यानं?"

"...पोळीच्या तव्याच्या."

तेलकट पाईपावर रंग धरतो कुठे! तेल-तुपाने मुरलेलं ते फडकं आम्हा दोघांच्याही डोळ्यांसमोर उभं राहिलं.

छकुली एव्हाना निवलेल्या पाईपांपाशी वाकली होती. तिने एक पापुद्रा नखाने खरवडून पाहिला, मग दुसरा, मग तिसरा. एकही हलला नाही. ती सावकाश उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने तिने विचारलं,

"आई, टिकाऊ रंग तू निवडला होता ना? मंग रोडगाच काहून टिकला?"