विमान नीट उतरवते

उमेदवाराला विमान चालवता येतं की नाही हे बघून वैमानिक नेमण्याची पद्धत आता फार जुनी झाली. तिच्यात इंधन जळतं, आणि एखाद्याला खरंच चालवता येत नाही असं निघालं तर सगळ्यांनाच अवघडल्यासारखं होतं. म्हणून आमच्या विमान कंपनीने निम्म्याहून जास्त गुण शिफारसपत्राला ठेवले. ज्येष्ठ कॅप्टन म्हणून अशी पत्रं देण्याचा अधिकार मला मिळाला आणि मी लगेच हरभऱ्याच्या झाडावर जाऊन बसलो.

वादळात विमान वळवताना माझा हात थरथरत नाही. पण समोरचा "सर, तुमच्याशिवाय आहे कोण?" म्हणाला की मी विरघळतो. रिवाज असा, की पत्र उमेदवारानेच लिहून आणायचं आणि मी खाली सही ठोकायची. भलत्याच धावपट्टीवर उतरलेला एक जण अशा रीतीने माझ्या सहीनिशी 'स्वतंत्र विचारांचा' ठरला.

मग माझी थोरली बहीण तिच्या मुलाला घेऊन आली. या भाच्याला जिन्यावरून खाली बघितलं तरी गरगरायचं.

"अरे, चार ओळी लिहायला तुझं काय जातंय?"

"ताई, त्याला उंचीची भीती वाटते गं."

"मग? तो कशाला खाली बघेल? विमान चालवताना समोर बघतात ना?"

मी कागद पुढे ओढला. शोधून शोधून भाच्यात एक गुण सापडला. त्याचा आवाज. तो हवामानाबद्दल बोलला तरी ऐकणाऱ्याला बरं वाटायचं. मी लिहिलं, 'यांच्या आवाजाने प्रवाशांना धीर येतो.' भाचा पहिल्या क्रमांकाने निवडला गेला.

काही वर्षांनी माझ्या लेकीने अर्ज केला. आडव्या वाऱ्यातही ती विमान असं टेकवायची की झोपलेल्या माणसाला जाग येऊ नये. लहानपणापासून तिला दुसरं काही करायचंच नव्हतं. तिने पत्र लिहून आणलं नाही.

"बाबा, तुम्हीच लिहा. खरं असेल तेवढंच."

लिहायला बसलो तर चांगले शब्द आधीच गाळीव रत्नांवर उधळून झालेले. शेवटी एकच ओळ लिहिली, 'विमान नीट उतरवते.'

निवड समितीच्या अध्यक्षबाईंनी मला बोलावून खुर्ची दिली, पाणी दिलं.

"कॅप्टन, घरात काही वाद चाललाय का?"

"नाही हो."

"मग पोटच्या मुलीबद्दल एवढंच? 'उतरवते' म्हणता. वर नेत नाही का?"

"वरही नेते. तुम्ही तिला विमानात बसवून बघा ना!"

"अशी मागणी आजवर कुणी केली नव्हती," बाई हळूच म्हणाल्या. "त्यामुळे संशय वाढतो."

मी घाईघाईने दुसरं पत्र दिलं आणि त्यात जन्मजात नेतृत्वापासून सगळं कोंबलं. त्यावर शेरा आला, 'बापाची माया.' लेक नापास झाली. मला तोंड लपवायला जागा उरली नाही.

शेवटी भाचा धावून आला. तो तोवर वरिष्ठ कॅप्टन झाला होता. "मामा, काळजी करू नका," तो त्याच्या त्या आवाजात म्हणाला आणि काय सांगू, मलाही धीर आला. त्याने लिहिलं, 'यांच्यासोबत मी डोळे मिटून उडू शकतो.' एवढी प्रामाणिक शिफारस आमच्या कंपनीत दुसरी झाली नसेल. लेक लागली. आता दोघं एकाच विमानात असतात. ती विमान नेते, उतरवते. तो शेजारी डोळे मिटून बसतो.

घोषणा मात्र तोच करतो. तुम्ही ऐकली असेल. 'मी तुमचा कॅप्टन बोलतोय,' एवढं कानावर पडलं आणि तुम्ही खुर्चीत मागे रेलून शेजाऱ्याला म्हणालात, "पायलट चांगला वाटतोय हो!"

शिफारस करायला माझ्या मागे निदान ताई लागली होती. तुमच्या मागे कोण लागलं होतं?