लंगडी टिटवी

कुत्र्याला मनापासून कसं फसवावं, हा विचार आमच्या वरोर गावात फक्त दामूकाका करतात. शेजारी आहेत माझे. माणूस रिकामटेकडा आहे असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं.

उभा जन्म बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात गेला. आता घरी बसून त्यांनी जुन्या खेळण्यातल्या गाडीवर छत्रीच्या कापडाचे पंख चढवले आणि टिटवी केली. पिल्लांजवळ कुत्रा आला की खरी टिटवी पंख मोडल्याचं सोंग करते, फडफडत त्याला लांब नेते. काकांच्या टिटवीनेही तेच करायचं, पण वाळत घातलेल्या बोंबलांसाठी.

पहिल्या दिवशी टिटवी सुसाट पळाली. कुत्र्याने जांभई दिली आणि बोंबील उचलला. दुसऱ्या दिवशी ती जागची हलेना, तर त्याने तिचा पंखच पळवला.

"काका, दोन बोंबील द्या त्याला आणि मिटवा एकदाचं!"

"गप गो! सोंग करायचं तर मन लावून करायला पायजे." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मग त्यांनी तिला सेन्सर बसवला. कुत्रा रेंगाळला की थांबून तडफडायचं, जवळ आला की सटकायचं.

एवढा खटाटोप बायकोसाठी, जमनाकाकीसाठी. दिवाळीपासून तिचा खोकला हटत नव्हता, वजनही उतरलं होतं. डहाणूला डॉक्टरकडे चल म्हटलं की एकच उत्तर, "मी गेले तर बोंबील कोण राखील?"

अखेर एका सकाळी टिटवीने कुत्र्यांची अख्खी टोळी खाडीपर्यंत नेली. काका नाचलेच! "आता चल!"

"आज ऊन चांगलं हाय. बघू पुढच्या आठवड्यात," काकी म्हणाली. भ्यायली होती बिचारी. काकांचं तोंड एवढंसं झालं.

दुसऱ्या दिवशी काका गुडघा धरून कण्हत होते. "डॉक्टरकडे एकटा कसा जाऊ?"

काकीने साडी बदलली. रिक्षाच्या वाटेवर काका पुढे लंगडत होते. ती थांबली की मागे वळून बघायचे आणि जास्तच विव्हळायचे.

मी काकीच्या कानाशी लागले. "काकी, मघाशी डावा पाय होता. आता उजवा."

"मला दिसत नाय होय?" तिने पदराने डोळे टिपले. "पण बघ की, किती मन लावून लंगडतायत माझ्यासाठी."

आणि खोकत खोकत ती त्यांच्या मागे निघाली.