भारद्वाजाचं गाणं आणि जंगलाची जांभई

एका जंगलात सगळ्यांकडे मोबाईल होते. ते आले कुठून, हे विचारू नका पोरांनो. तुमच्याकडे कुठून आले, हे मी विचारलं का?

तर त्या जंगलात एक गेम फार चालायचा. गेममध्ये एक माकड. समोर नदी. नदीत मगरी. मगरींच्या पाठीवर उड्या मारत माकडानं पलीकडं जायचं. एवढंच. पण एक उडी चुकली की खल्लास. नदी एवढी रुंद की पलीकडं आजवर कोणीच पोचलं नव्हतं. हत्तीसुद्धा दिवसभर मरायचा आणि पुन्हा सोंड सरसावून बसायचा.

खेळताना मागं एक चाल वाजायची. टणाटण, टणाटण, टणाटण. ऐकून छातीत धडधड व्हायची. माकड पाण्यात पडलं की डुबुक, आणि चाल तिथंच तुटायची.

त्याच जंगलात एक भारद्वाज राहायचा. विटकरी पंख, लाल डोळे आणि आवाज खर्जातला. त्यालाही गेमचं वेड. मरून मरून तो वैतागला आणि एके दिवशी त्यानं ती चाल स्वतःच्या गळ्यात घेतली. टणाटणचं हूऽप हूऽप केलं. मागं झऱ्याचा आवाज ठेवला. मधेमधे एक बेडूक, तोही लांबून. ह्याला रिमिक्स म्हणतात. दुसऱ्याच्या भाकरीवर आपलं तूप. भारद्वाजानं ते गाणं मोबाईलवर सोडून दिलं.

दुपारपर्यंत जंगल आडवं झालं.

संध्याकाळी उठून सगळे गाण्याखाली लिहायला बसले.

घुबडानं लिहिलं, "पहिला मी!" ह्यापलीकडं त्याला काही म्हणायचं नव्हतं.

रानडुकरानं लिहिलं, "काय झोप लागली राव! तोंड चिखलात होतं, तसंच राहिलं."

सांबरानं लिहिलं, "लहानपण आठवलं. तेव्हा मला शिंगं नव्हती. डोळे भरून आले, आणि मिटलेच."

अस्वलानं लिहिलं, "सुरुवात अप्रतिम. पुढचं माहीत नाही."

मगरीनं लिहिलं, "ह्याच चालीवर आमच्या पाठी तुडवल्या जातात. पण झोपले. सगळं माफ."

माकडानं लिहिलं, "आज कोण कोण ऐकतंय? हात वर करा." भराभर हात वर झाले. त्यातले निम्मे झोपेत वर झाले होते.

भारद्वाजानं हे सगळं वाचलं आणि पंख पाडून बसला. शेजारच्या फांदीवर साळुंकी राहायची. जिभेला हाड नसलेली, पण मनानं बरी.

"काय हो भावजी, सगळं जंगल तुमचं नाव घेतंय आणि तुम्ही घरात कोणी गेल्यासारखे बसलाय?"

"वहिनी, वाचलंत का? झोप आली म्हणतात. माझं गाणं ऐकून झोप आली! आमच्या घराण्यात कोणी जांभई दिली की गाणारा फांदीवरून खाली उतरायचा. पुन्हा वर चढायचा नाही."

"अगं बाई! अहो, ती शिवी नाही. हल्ली झोप आली म्हणजे कौतुक."

"आणि गाणं आवडलं नाही तर काय म्हणतात?"

"झोप आली नाही म्हणतात."

भारद्वाजानं मान झटकली. "ते राहू दे. पण शेवट? शेवट कोणी ऐकला का?"

"शेवटाचं काय?"

मग त्यानं मनातलं सांगितलं. गेममधल्या चालीला शेवटच नव्हता. माकड मरायचं आणि चाल तुटायची. भारद्वाजानं तिला शेवट दिला होता. त्याच्या गाण्यात माकड पलीकडं पोचायचं. ओलं होऊन, धापा टाकत, उंबराच्या मुळाला धरून काठावर चढायचं. शब्द एक नाही, सगळं सुरांत. तेवढ्यासाठीच तर त्यानं गाणं केलं होतं. बाकीचं सगळं तिथवर जायची वाट होती.

"एकानं तरी ऐकावं हो वहिनी. एकानं."

"एवढंच ना? मी ऐकते. लावा."

त्यानं गाणं लावलं. साळुंकी ताठ बसली. थोड्या वेळानं तिची मान कलली.

"वहिनी!"

"ऐकतेय, ऐकतेय."

"वहिनी, झोपलात."

"छे! डोळे मिटून ऐकतेय. कळतं त्याला असंच ऐकतात." आणि एवढं बोलून ती घोरायला लागली. फांदीवरून पडली, खाली पाल्यात अडकली, तिथंही घोरतच राहिली.

भारद्वाजानं मग अस्वलाला गाठलं. अस्वल म्हणालं, "शेवट ऐकायचा असतो होय? मला वाटलं, तो मोबाईलची बॅटरी संपवायला ठेवलाय."

असे काही दिवस गेले. गाणं गाजत होतं आणि गाणारा झुरत होता. मग एके सकाळी गाण्याखाली नवीन मजकूर आला.

"शेवटपर्यंत ऐकलं. डोळ्याला डोळा लागला नाही. शुद्ध फसवणूक. टिटवी, नदीकाठ."

सगळं जंगल त्या टिटवीवर तुटून पडलं. "कलेतलं काय कळतं हिला?" "हिचे कान तपासा." "एवढ्या गोड गाण्यावर जागी राहते म्हणजे मनातच काहीतरी काळं असणार." भारद्वाजानं मात्र वाचलं आणि थेट नदीकडं उडाला.

टिटवी वाळूत उभी होती. लांब पाय, तापट डोळे, वर्षानुवर्षांची अपुरी झोप.

"टिटवीबाई, तुम्ही शेवट ऐकलात?"

"तूच का रे तो? ऐकला की! न ऐकता बोंबलणारी वाटले का तुला?"

"कसा वाटला?"

"कसा काय कसा? माकड पोचलं ना पलीकडं?"

भारद्वाज टुणकन तिच्या पुढ्यात आला.

"उंबर होता ना तिथं? का वड?"

"उंबर," तो म्हणाला. "तुम्हाला कळलं?"

"कळलं म्हणूनच तर जीव घेतलास माझा! इतके दिवस ते मरत होतं ते बरं होतं. मेलं, विषय संपला. आता पोचलं. ओलं आहे. भुकेलं आहे. उंबराला फळं होती का? सगळे ह्या काठावर, ते एकटं त्या काठावर. परत यायचं झालं तर मगरी आहेतच. ह्याचा काही विचार केलास? पोचवलंस आणि मोकळा झालास! आधीच मला झोप नाही. त्यात आता तुझ्या माकडाची काळजी. काढून टाक तो शेवट!"

आयुष्यात एवढं कोणी त्याला रागावलं नव्हतं. आणि एवढं सुखही त्याला कधी झालं नव्हतं. मधली मधली वाक्यं तो पुन्हा म्हणायला लावत होता.

टिटवीची बोंब जंगलात पसरली. शेवट वाईट आहे, झोप उडते, असं सगळे म्हणायला लागले. शेवट एकानंही ऐकला नव्हता, पण मत सगळ्यांचं झालं. साळुंकी म्हणाली, "भावजी, काढून टाका हो. कोणाला कळणारही नाही."

तेवढं मात्र तिचं खरं होतं. शिवाय ऐकणारी एक भेटलीच होती. भारद्वाजानं शेवट कापला. त्या जागी सुरुवातच पुन्हा जोडली. गाणं गोल गोल फिरायला लागलं. जंगल खूश झालं. सत्कार ठरला.

सत्काराला अध्यक्ष वाघ. शाल आली, नारळ आला. आधी गाणं वाजवायचं ठरलं. तिथंच चूक झाली. हार सोंडेत धरून हत्ती झोपला. अध्यक्ष खुर्चीतच पसरले. त्यांच्या पोटावर डोकं ठेवून एक चितळ झोपलं.

वाघ आणि चितळ एका जागी झोपले, किती छान, गोष्ट इथंच संपली, असं तुम्हाला वाटत असेल. डोकं ठिकाणावर ठेवा. झोप झाली की वाघाला भूक लागते. चितळ आधी उठलं, म्हणून वाचलं.

भारद्वाज थोडा वेळ त्या घोरण्याकडं बघत राहिला. मग शाल तिथंच टाकली आणि नदीकडं गेला. कापलेला शेवट त्याच्या गळ्यात होता. त्याच्यापुढं थोडं नवीनही होतं, अजून कच्चं.

टिटवी वाटच बघत होती, पण ते कबूल कोण करणार?

"एवढा उशीर? काय झालं त्या माकडाचं? खाल्लं का काही?"

"उंबराची फळं पिकायला अजून वेळ आहे," भारद्वाज म्हणाला आणि गायला लागला.

"पिकायला वेळ आहे? मग तोवर काय माती खाणार ते?" टिटवी किंचाळली, आणि ऐकायला आणखी जवळ सरकली.

तात्पर्य : दुसऱ्याला सुखाची झोप देणं पुण्याचं काम आहे, असं तुम्हाला शाळेत शिकवतील. पुण्य पाहिजे असेल तर खुशाल द्या, वर शालही मिळेल. पण आपलं कोणी ऐकावं असं वाटत असेल, तर एखाद्याची तरी झोप उडवा. आणि तो शिव्या द्यायला आला की त्याला बसायला जागा द्या.