निराश होण्याची पूर्वपरवानगी

वज्रनाथ या गुप्तहेराच्या सिनेमाच्या दुसऱ्या भागाने आपली घोर निराशा केली आहे, हे सुबोध कर्णिकांना मध्यंतरापूर्वीच कळून चुकले होते. परंतु 'वज्रनाथ चाहता मंडळ, मुलुंड पूर्व' या संस्थेच्या नियमानुसार निराश होण्याची परवानगी तीन खेळ पाहिल्यावरच मिळत असे. मंडळाचे अध्यक्ष खुद्द सुबोधरावच असल्यामुळे त्यांनी मध्यंतरात समोसा खाताना चेहरा समाधानी ठेवला.

नियमही त्यांचाच. विमा कंपनीत हेडक्लार्की करून करून त्यांची जीभ अशी वळली होती की, आमटीत मीठ कमी पडले तरी ते "सदर बाब निदर्शनास आणून देत आहे" म्हणत. दुसऱ्या भागाचा ट्रेलर आला त्या दिवशी अंबादासने मंडळाच्या ग्रुपवर लिहिले होते, "दम नाही रे यात." अंबादास हा सुबोधरावांचा कॉलेजपासूनचा जिवलग. पहिला भाग दोघांनी पहिल्या रांगेत मान मोडून पाहिला होता. त्यातला वज्रनाथ शत्रूच्या राजधानीत इस्त्रीवाला म्हणून राहायचा आणि सेनापतीचा कोणता गणवेश इस्त्रीला आला, यावरून हल्ला कधी होणार ते ओळखायचा. बाहेर आल्या आल्या दोघांनी पुढच्या खेळाची तिकिटे काढली होती. त्याच अंबादासला सुबोधरावांनी 'प्रदर्शनपूर्व निराशा' या सदराखाली ग्रुपमधून काढले आणि पुन्हा असा प्रसंग नको म्हणून तीन खेळांचा नियम केला. तेव्हापासून दोघांचा शनिवारचा स्टेशनजवळचा चहा बंद होता. सुबोधरावांना तो चहा फार आठवे, पण नियम म्हणजे नियम.

तर या दुसऱ्या भागात वज्रनाथ शत्रूच्या राजधानीत गॉगल लावून, शेकडो नाचणाऱ्यांना मागे घेऊन, आपण गुप्तहेर असल्याचे गाणे गात शिरला. ते गाणे सेनापती सोडून सगळ्यांना ऐकू गेले. उत्तरार्धात त्याने एक मसाला, एक बनियन आणि एक गृहकर्ज यांची जाहिरात करत करत बॉम्ब निकामी केला.

"एवढं होतं तर उठून यायचं ना," पत्नी शुभा म्हणाली. ती मंडळाची सभासद नसल्यामुळे तिला अक्कल ताबडतोब वापरता येत असे.

सुबोधराव दुसऱ्यांदा गेले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा झोपले. खेळ सुटला तर दारात मंडळाचा सचिव केयूर हजर.

"झाले रे बाबा तीन," सुबोधराव म्हणाले.

"काका, तुम्ही घोरत होता ना. झोपेतला शो कसा धरणार? उद्या कोणी पण झोपेल आणि बोलेल, पिक्चर बेकार आहे."

"अरे, बेकार आहे म्हणूनच झोपलो!"

"ते तुम्ही आत्ता बोलू शकत नाही. तुमचाच रूल आहे."

चौथ्यांदा त्यांनी पडद्याकडे कमी आणि आजूबाजूला जास्त पाहिले. अर्धे थिएटर मंडळाचेच होते. शिक्षिका असलेल्या रत्नप्रभाबाई स्वतःलाच चिमटे काढून जाग्या राहत होत्या. जो तो निराश होण्याची पात्रता मिळवत होता. घाटकोपर आणि बोरिवलीच्या मंडळांनीही हा नियम उचलला होता, कारण सुबोधरावांनीच तो त्यांना अभिमानाने पाठवला होता. परिणामी तिसऱ्या आठवड्यातही सिनेमा हाऊसफुल्ल, आणि बातमी आली की उपनगरांनी वज्रनाथला डोक्यावर घेतले.

आता पंचाईत वाढली. "पब्लिकला आवडलाय म्हटल्यावर एकट्याने बेकार कसं बोलणार?" केयूर आवाज खाली आणून म्हणाला. "आणि काका, हेर आपल्या देशाचा आहे. लोक काय समजतील?"

"ते राहू दे. तुला स्वतःला आवडला का?"

केयूरने मागेपुढे पाहिले. "माझे अजून दोनच झालेत."

सुबोधरावांनी शेवटी अंबादासचे दार वाजवले. मान खाली घालून म्हणाले, "तुझं बरोबर होतं रे. पार वाट लागलीय पिक्चरची. मंडळात परत ये आणि सगळ्यांसमोर तूच सांग. तू तर आधीच बोलला होतास."

"मी कसं सांगू? मी बघितलाच नाही."

"का रे?"

"तुझ्याबरोबर बघायचा होता."

सुबोधरावांना भरून आले. दोघे पुन्हा पहिल्या रांगेत, पुन्हा मान मोडून बसले. वज्रनाथने बनियनची स्तुती केली तेव्हा अंबादास इतका हसला की सुबोधरावांनाही हसू आवरेना. मग अंबादास म्हणाला, "बाहेर गेल्यावर तू बोल. अध्यक्ष तू आहेस. खरं काय ते एकदा बोल, शनिवारी चहाला येतो."

"बोलतो. आई शप्पथ बोलतो."

बाहेर निर्मात्याची माणसे कॅमेरा आणि हार घेऊन उभी होती. सर्वाधिक वेळा सिनेमा पाहणाऱ्या निष्ठावंत चाहत्याचा जाहीर सत्कार होता. केयूरने सुबोधरावांना पुढे ढकलले, कोणीतरी गळ्यात हार घातला. भोवती सगळे मंडळ श्वास रोखून उभे होते. अध्यक्ष एकदा निराश झाले की सर्वांना निराश व्हायला मोकळीक मिळणार होती. रत्नप्रभाबाईंनी तर हात जोडले होते.

"सर, कसा वाटला पिक्चर?"

सुबोधरावांनी अंबादासकडे पाहिले. मग कॅमेऱ्याकडे. हार ताजा होता, भारी होता. ते खाकरले.

"तसा... एकदा बघायला हरकत नाही."

टाळ्या पडल्या. ज्यांनी सिनेमा चार-चारदा सोसला होता, त्यांनीच त्या जोरात वाजवल्या.

"ट्रेलर बघून मी जे बोललो," अंबादास म्हणाला, "ते तुला इतक्यांदा बघून बोलता येईना, सुबोध." आणि तो रिक्षा स्टँडच्या दिशेने चालू लागला. सुबोधरावांना त्याच्या मागे धावायचे होते, पण फोटो अजून व्हायचे होते.

आठवड्याभरात पोस्टरवर सुबोधरावांचे वाक्य झळकले आणि 'उपनगरांच्या आग्रहास्तव' तिसऱ्या भागाची घोषणा झाली. तो लागला तेव्हा पहिल्या दिवसाच्या पहिल्या खेळाची सुबोधरावांनी दोन तिकिटे काढली, शेजारशेजारची. अंबादास आला नाही. शनिवारीही तो येत नाही. जास्तीचे तिकीट दारातच एका गरजूला देऊन टाकावे लागले.

ते तुम्ही घेतलेत. दुसऱ्या भागाला घरी मनसोक्त शिव्या घालून तुम्ही आला होतात, आणि तिकीट मिळाल्याचा आनंद तुमच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. मध्यंतरात समोसा खाता खाता सुबोधरावांनी सहज विचारले, "कसा वाटतोय?" तुम्ही आधी मागे कोण उभे आहे ते पाहिलेत. पुढचे तुमचे वाक्य त्यांना पाठच होते.