शिंगोजीरावांच्या लाल स्प्रिंगा

एका जंगलात, मुलांनो, गाड्या होत्या. तोंडं वाकडी करू नका. गोष्टीतले कोल्हे बोलतात आणि उंदीर लग्नं लावतात, ते तुम्ही मुकाट्याने ऐकून घेता. मग गव्याने गाडी घेतली तर तुमचं काय गेलं?

तर त्या गव्याचं नाव शिंगोजीराव. अंगाने दांडगा, आवाजाने त्याहून दांडगा. गाडी पांढरी, मोठी आणि वरून उघडणारी, कारण शिंगं आत मावत नव्हती. हॉर्नला चार चाली होत्या. पोटाखाली निळे दिवे होते. मागच्या काचेवर सोनेरी अक्षरांत 'नाद नाय करायचा' असं लिहिलेलं होतं. कसला नाद आणि कोणी नाही करायचा, हे शिंगोजीरावांनाही ठाऊक नव्हतं.

शिंगोजीरावांचं एक तत्त्व होतं. लोकांना दिसतं त्याला पैसा लावायचा. दिसत नाही त्याला कशाला? लोक काय खाली वाकून बघणार आहेत? याच तत्त्वावर त्यांनी घर बांधलं होतं. घराला पुढून चार खांब होते आणि मागून भिंत नव्हती.

एकदा ती गाडी पुढून खडखडायला लागली. खड्डा आला की खालून कोणीतरी काठीने पत्रा बडवतंय असा आवाज यायचा. शिंगोजीराव गाडी घेऊन खवले मिस्त्रींकडे गेले. मिस्त्री जातीचे खवल्या मांजर. अंगाचा गोळा करून ते गाडीखाली घरंगळत जात आणि दुसऱ्या बाजूने निदान घेऊन बाहेर येत.

"पुढची रबरं गेलीत," मिस्त्री म्हणाले. "शॉकअपला अजून बक्कळ जीव हाय. दोन रबरं टाका कंपनीची. बास."

कंपनीच्या रबराची किंमत ऐकून शिंगोजीरावांच्या नाकपुड्या फुलल्या. एवढंसं रबर, तेही काळं, तेही चाकामागे, तेही चिखलात. त्याला एवढे पैसे? त्याच महिन्यात त्यांनी स्टेअरिंगला मखमली कव्हर घातलं होतं, तेव्हा मात्र त्यांनी भाव विचारला नव्हता.

मिस्त्रींच्या शेजारीच खिदळेशेठचं दुकान होतं. खिदळेशेठ म्हणजे तरस. तरस हसतो म्हणून त्याला तुम्हाला भेटून आनंद झालाय असं समजू नये. हसणं हा त्याचा धंदा आहे. शेठ स्वतः मात्र एक पोचे पडलेली, रंग उडालेली जीप चालवायचे. एवढा पैसा असून हा गडी डबड्यात फिरतो, म्हणून सगळं जंगल त्यांना कंजूष म्हणायचं.

शेठ म्हणाले, "राव, दोन रबरांच्या पैशात अख्खा सेट देतो. शॉकअप, स्प्रिंगा, आर्म, रबरं, समदं नवं. कंपनीचा असतो तसाच, सेम टू सेम. फकस्त जुना माल मला द्यायचा. आन् स्प्रिंगा लाल हायत."

"लाल?"

"लालभडक. चाकातनं दिसतात."

'दिसतात' हा शब्द कानावर पडला आणि व्यवहार झाला.

मिस्त्रींनी खोकं उघडलं. रंग अजून ओला होता, त्यांची नखं लाल झाली. ते काही बोलले नाहीत, याला कारण होतं. शेठच्या दुकानातला सेट बसवला की शेठ त्यांना एक मुंग्यांचं वारूळ दाखवायचे. वारूळ पोटात असलं की तोंडाला कुलूप बसतं. त्यांनी फक्त जंगलातल्या सगळ्या गॅरेजांत म्हणतात ते वाक्य म्हटलं, की माल तुम्ही आणला, मी नुसता बसवला, पुढचं माझ्याकडे नाही. मग त्यांनी चाकांची अलाइनमेंट करून घ्या असं सुचवलं. शिंगोजीराव म्हणाले, स्टेअरिंग माझ्याच हातात आहे, सरळ कुठे आणि वाकडं कुठे जायचं ते मी ठरवीन.

जुना सेट खिदळेशेठनी फडक्यात गुंडाळून नेला. भंगार कोणी फडक्यात गुंडाळत नाही, मुलांनो. पण तेव्हा सगळे लाल स्प्रिंगा बघत होते.

त्या जंगलात गाडी पारखायची एक रीत होती. गाडी उभी करायची. जो येईल त्याने बॉनेट दोन हातांनी दाबायचं, मान हलवायची आणि म्हणायचं, "कडक." रानडुकराने दाबलं, सांबराने दाबलं, सशानेही टाचा उंचावून दाबल्यासारखं केलं. सगळे म्हणाले, "कडक." आणि गाडी होतीच कडक. ती दबतच नव्हती. दबणं हेच तिचं काम आहे, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. उभ्या गाडीत दोष सापडत नाही आणि त्या जंगलात गाड्या बहुतेक वेळ उभ्याच असत. लोकांना बघता यावं म्हणून.

आता माळूताईंची गोष्ट.

माळूताई ही माळढोक. मोठा पक्षी, गरीब स्वभाव. जंगलाशेजारच्या माळावर ती एकटीच राहायची. माळढोक वर्षाला एकच अंडं घालतो. इतर पक्ष्यांसारखं चार घातली, एक गेलं, तीन राहिली, असा हिशेब त्याच्याकडे नाही. गेल्या साली तिचं अंडं कुत्र्यांनी खाल्लं होतं. त्याआधी एक गुरांच्या पायाखाली गेलं होतं. या साली अंडं होतं आणि तेवढ्यात जंगलाच्या महाराजांना त्या माळावर विमानतळ हवा झाला. महाराजांकडे विमान नव्हतं. पण तळ असला की विमान येतं असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. अमावास्येच्या आत माळ मोकळा करा, असा हुकूम निघाला.

घाटापलीकडे दुसरा माळ होता. गवत होतं, कुत्री नव्हती. माळूताई तिथे चालत गेली असती. पण अंड्याला पाय नसतात आणि माळढोकाला अंडं चोचीत धरता येत नाही. तिने दोन दिवस रस्त्याकडे बघून विचार केला आणि ती खिदळेशेठकडे गेली.

कारण तिने एक गोष्ट पाहिली होती. शेठ दर बाजाराला त्या पोचे पडलेल्या जिपेतून मधाच्या काचेच्या बरण्या घाट ओलांडून न्यायचे. जीप माळाजवळून जायची आणि एकही बरणी वाजायची नाही. माळूताईला गाड्यांमधलं काही कळत नव्हतं, पण न वाजणारी बरणी तिला कळत होती. शेठही तयार झाले. दोन बरण्यांच्या मधे जागा होती.

ही बातमी शिंगोजीरावांना लागली आणि त्यांचा अपमान झाला. त्यांना कोणी काही म्हटलं नव्हतं, तरी झाला. ते सरपंच सांबरअण्णांना घेऊन माळावर आले. अंडं म्हणजे जंगलाचं भूषण, ते काय डबड्यातून जाणार, असं सरपंच म्हणाले. आपल्याकडे एवढी मोठी पांढरी गाडी असताना लोक काय म्हणतील? मिरवणूक काढू, हार घालू, ताशा लावू. शेठनी लगेच माघार घेतली. त्यांना त्यात काही सुटणार नव्हतं.

माळूताई हळूच म्हणाली, "दादा, आधी एकदा रिकामी गाडी घाटातनं फिरवून आणू या का?"

"आमच्या गाडीवर संशय घेता व्हय ताई?" शिंगोजीराव म्हणाले. "बॉनेट दाबून बघा की."

तिने बॉनेट दाबलं नाही. ती अंड्यासाठी टोपलीत गवत भरायला लागली. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. खोटं आहे. अक्कल असते, पण गरजवंताने ती चालवलेली कोणाला खपत नाही.

मिरवणूक निघाली. मागच्या सीटवर गवताची टोपली, टोपलीत अंडं, अंड्यावर माळूताई. गाडीला हार, हाराला झुरमुळ्या. मागून अर्धं जंगल नाचत येत होतं. सपाटीवर सगळं बरं चाललं होतं. सपाटीवर सगळंच बरं चालतं.

घाट लागला आणि पहिला खड्डा आला. गाडी आपटली. ती दबली नाही, ती उडाली. टोपलीही उडाली आणि माळूताईने पंख पसरून ती दाबून धरली. दुसऱ्या खड्ड्याला शॉकअपमधलं तेल गेलं आणि मग गाडी खाली आली की वर जायची, वर गेली की पुन्हा खाली यायची, थांबायचीच नाही.

"दादा, हळू घ्या जरा."

शिंगोजीरावांनी वेग वाढवला. वेगात खड्डे कळत नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. ज्याच्या बुडाखाली गादी आणि डोक्यावर शिंगं असतात, त्याला नसतीलही कळत.

माळूताई आता सीटवर बसलेलीच नव्हती. तिने पाठ पुढच्या सीटला आणि पाय मागच्या सीटला टेकवून स्वतःला मधे अडकवलं होतं. टोपली पोटाशी धरली होती. प्रत्येक हिसका ती आपल्या अंगात घेत होती, म्हणजे तो अंड्यापर्यंत जाऊ नये. चार लाल स्प्रिंगांनी करायचं काम ती पक्षीण एकटी करत होती. मला इथे राग येतो, मुलांनो, आणि तो मी गिळणार नाही.

शेवटचं वळण राहिलं होतं. पलीकडचं गवत दिसायला लागलं होतं. चाकाला धरून ठेवणारा खालचा आर्म तिथे मधोमध मोडला. एक लाल स्प्रिंग चाकातून निसटली आणि गाडीच्या पुढे उड्या मारत उतारावरून निघाली. मागच्या लोकांना वाटलं हा मिरवणुकीचाच भाग आहे. त्यांनी शिट्ट्या वाजवल्या. मग गाडी एका बाजूला बसली, घसरली आणि गटारात नाक घालून थांबली.

कोणाला खरचटलंसुद्धा नाही. बंपरला एक पोचा आला. शिंगोजीराव आधी तो बघायला खाली उतरले.

टोपलीतून फार मोठा आवाज झाला नव्हता. माळूताई गाडीतून बाहेर आली तेव्हा तिची छाती ओली होती. ती रडली नाही की ओरडली नाही. ताशेवाले मात्र अजून वाजवतच होते, कारण पुढे काय झालं ते त्यांना दिसलं नव्हतं.

थोड्या वेळाने समोरून खिदळेशेठची जीप आली. बाजाराचा दिवस होता. भरलेल्या बरण्या उतरवून परत येताना त्यांनी दोघांना उचललं. शिंगोजीराव पुढे बसले आणि माळूताई मागे, परत आणलेल्या रिकाम्या बरण्यांमधे, रिकामी टोपली घेऊन. तोच घाट, तेच खड्डे. जीप खाली दबायची, वर यायची आणि तिथेच थांबायची. बरण्या एकमेकींना लागूनही वाजत नव्हत्या.

अर्ध्या वाटेवर माळूताई बोलली. "हितं शाबूत ऱ्हायलं असतं ते."

मग तिने विचारलं, "शेठ, खाली काय बसवलंय?"

खिदळेशेठना गप्प बसता आलं असतं. पण चांगला माल अंगाखाली असला की धंदेवाल्याला राहवत नाही. ते हसले. "कंपनीचा हाय. शिंगोजीरावांच्या गाडीचाच. जुना. नवी रबरं घातली दोन, बास."

माळूताईने शिंगोजीरावांकडे बघितलं. मलाही वाटलं होतं की आता तरी गव्याची मान खाली जाईल. तुम्हालाही वाटलं असेल. आपण गोष्टी फार वाचतो, त्याने असं होतं.

शिंगोजीरावांची छाती फुगली. "बघा," ते म्हणाले, "आमच्या गाडीचं टाकून दिलेलं सामान बी कसं चालतंय! गाडी मुळातच भारी आमची."

पुढे चौकशी झाली. सरपंच सांबरअण्णांनी जातीने गाडी बघितली. ती तेव्हा उभीच होती. त्यांनी बॉनेट दाबलं. खवले मिस्त्रींची साक्ष झाली. ते म्हणाले, माल त्यांनी आणला, मी नुसता बसवला. खिदळेशेठ म्हणाले, माल मी नुसता विकला. शिंगोजीराव म्हणाले, मी नुसता चालवत होतो. माळूताईला विचारायचं राहून गेलं. शेवटी पंचायतीने असं ठरवलं की एवढ्या अपघातात गाडी शाबूत, चालक शाबूत आणि नुसतं अंडं फुटतं, तेव्हा दोष अंड्यातच असला पाहिजे. त्याचं कवच पातळ होतं. आजकाल अंडी पूर्वीसारखी राहिली नाहीत, यावर सगळ्यांचं एकमत झालं.

खिदळेशेठच्या दुकानावर पाटी लागली, 'घाटात आपटूनही चालक सुखरूप'. लाल स्प्रिंगांना रांग लागली. जुना माल परत द्यायची अट कायम होती. खिदळेशेठनी आणखी दोन जिपा घेतल्या, दोन्ही पोचे पडलेल्या.

शिंगोजीरावांनीही नवा सेट घातला. या वेळी पिवळा. आणि ते अगदीच दगड नव्हते, मुलांनो, त्यांनाही वाईट वाटलं होतं. ते मनात ठेवणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं, इतकंच. म्हणून त्यांनी मागच्या काचेवर सोनेरी अक्षरांत आणखी एक ओळ लिहून घेतली, 'माळढोक वाचवा'.

विमानतळ झाला. विमान अजून यायचंय. माळूताई रस्त्याच्या कडेच्या चिंचोळ्या गवतात राहायला आली. पुढच्या साली तिने अंडं घातलंच नाही. एका सकाळी ती रस्ता ओलांडत होती, तेवढ्यात ती गाडी खडखडत आली. हॉर्नच्या चारही चाली वाजल्या. माळूताई बाजूला झाली. गाडी पुढे गेली आणि धूळ खाली बसेपर्यंत मागच्या काचेवरची ती ओळ वर-खाली, वर-खाली होताना तिला दिसत राहिली.

तात्पर्य : घाटातून प्रवास करताना अंड्यांनी आपल्या कवचाची दर्जेदार निगा राखावी. गाडीच्या खाली काय आहे ते बघू नये. वाकल्याने माणसाची उंची कमी दिसते.