गोंदाची झिलई

"वास नाही, डोळे चुरचुरणं नाही, वाट बघत बसणं नाही," भाऊंनी जाहीर केलं. "दोन भाग गोंद, एक भाग पाणी, तीन हात मारायचे. काचेसारखी चकाकी! जगातले सगळे सुतार इतकी वर्षं काय करत होते कोण जाणे."

जिजी त्या वेळी स्वयंपाकघरातल्या टेबलाचा उरलेला कोपरा पुसत होती. उरलेला म्हणजे भाऊ निवृत्त झाल्यापासून तिच्या वाट्याला आलेला. बाकी टेबलावर रंधा, पटाशी, करवत आणि बारीक भुसा यांनी कायमचा मुक्काम ठोकला होता.

पण जिजीची त्याबद्दल तक्रार नव्हती. भाऊंची सगळी नोकरी नकाशांच्या कचेरीत झाली. चौतीस वर्षं त्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या, आणि घरी बसल्यावर पहिले दोन महिने खिडकीत बसून समोरच्या भिंतीच्या विटा मोजल्या. विचारलं तर आकडाही सांगायचे. जिजीला ते बघवत नसे. मग एक दिवस ते दुकानदारानं टाकून दिलेलं खोकं घेऊन आले, त्याच्या फळ्या सोडवल्या आणि चमचे ठेवायला एक पेटी केली. पेटी जरा तिरकी झाली, पण तिच्यापायी भाऊ पुन्हा ताठ चालायला लागले. त्या दिवशी जिजीनं टेबल देऊन टाकलं.

अडचण आली ती पॉलिशची. चपडी आणि स्पिरिटचा पहिला हात मारला आणि वरच्या मजल्यावरच्या मावशी नाकाला पदर लावून खाली आल्या.

"जिजी, दवाखाना काढलाय का घरात?"

"आमच्या ह्यांनी पेटी केलीय."

"कुणासाठी? माझ्यासाठी असेल तर माप घेऊन जा म्हणावं. आता फार दिवस काढत नाही मी या वासात."

संध्याकाळी दुधालाही तोच वास आला. जिजीनं बजावलं, घरात पुन्हा स्पिरिट आलं तर टेबल परत घेईन. त्यावर भाऊंनी चार दिवस डोकं चालवलं आणि शोध लावला तो हा गोंदाचा. सुतार सांधे जोडायला वापरतात तोच पांढरा गोंद.

गल्लीच्या तोंडाशी मिस्त्रींचं दुकान होतं. भाऊ मोठ्या ऐटीत पेटी दाखवायला गेले. भाजी आणायला निघालेली जिजी सोबत होती. मिस्त्रींनी पेटी उलटीसुलटी केली, नखानं टोकरली, नाकाशी नेली.

"साहेब, गोंद चिकटवायला असतो."

"वाळल्यावर कुठं चिकटतो?"

"कोरडा आहे तोवर झोपलेला असतो. गरम लागलं, ओलं लागलं की जागा होतो. आणि जागा झाला की त्याला आपलं काम आठवतं."

घरी येताना भाऊ म्हणाले, "पोटावर पाय येईल म्हणून घाबरलाय बिचारा."

जिजीचं लक्ष भाजीच्या पिशवीकडे होतं. मिस्त्रींचं वाक्य तिच्या या कानातून आत गेलं आणि त्या कानातून गल्लीत पडलं.

पुढच्याच महिन्यात मुलींच्या शाळेनं सुतारकाम शिकवायला माणूस हवा म्हणून पाटी लावली. आठवड्यातून तीन दुपारी. भाऊंनी अर्ज केला. मोठ्या बाईंचा, म्हणजे मुख्याध्यापिकांचा, निरोप आला की गुरुवारी चार वाजता घरी येऊन काम बघेन, मग ठरवेन.

त्या आठवड्यात भाऊ दिवसातून दोनदा दाढी करायला लागले. बुधवारी दुपारी जिजीला बंद दाराआडून आवाज आला. "मुलींनो, लाकडाला घाई चालत नाही." तिनं फटीतून पाहिलं. समोर चार खुर्च्या ओळीनं मांडलेल्या, आणि भाऊ हातात फूटपट्टी घेऊन त्यांना शिकवत होते. एक खुर्ची जरा वाकडी होती, तिला त्यांनी नीट बसायला सांगितलं. असा भरलेला आवाज तिनं वर्षभरात ऐकला नव्हता. ती पावलं न वाजवता मागं फिरली. ही नोकरी भाऊंना मिळालीच पाहिजे, आपल्याकडून कशातही कमी पडायचं नाही, असं तिनं मनाशी ठरवलं.

आणि नेमकं तिथंच घोडं पेंड खायला गेलं.

गुरुवारी साडेतीनला भाऊ सदऱ्याला बटणं लावत होते, तेव्हा जिजी बाहेरच्या खोलीत आली. भाऊंनी गोंदाची झिलई केलेल्या सगळ्या वस्तू मांडून ठेवल्या होत्या, आणि वस्तूंवर धूळ होती. धूळ म्हणजे जिजीची जन्माची वैरीण. तिनं आपलं पिवळं फडकं गरम पाण्यात बुडवलं, पिळलं आणि कामाला लागली. दोन्ही पेट्या आतून, बाहेरून, कडांवरून पुसल्या आणि झाकणं घट्ट लावली. कपाखाली ठेवायच्या सहा लाकडी चकत्या पुसून एकावर एक रचल्या, आणि रास सरळ राहावी म्हणून वर इस्त्री ठेवली. चहाचा ट्रे पुसला. शेवटी वीतभर पायांचं, लिहायचं छोटं मेज पुसलं. सगळं असं चमकायला लागलं की जिजीला स्वतःचंच कौतुक वाटलं. फडकं दोरीवर टाकून तिनं इस्त्री उचलून ठेवली आणि चहाचं आधण चढवलं.

चारच्या ठोक्याला मोठ्या बाई आल्या. मिटलेल्या छत्रीसारख्या उंच, सडपातळ, आणि तितक्याच कमी उघडणाऱ्या. त्यांनी पिशवीतून एक टंकलेला कागद काढला.

"नेमणुकीचं पत्र आहे. जावक क्रमांक पडलाय. काम पसंत पडलं की सही करते."

पत्र मेजावर ठेवून, उडू नये म्हणून त्यांनी वर पिशवी ठेवली. पिशवीत सहामाहीचे सगळे पेपर असावेत, कारण मेज कण्हलं.

"आधी ही पेटी बघा," भाऊ म्हणाले.

मोठ्या बाईंनी झाकण ओढलं. मग जरा जोरात ओढलं.

"घट्ट बसतं," भाऊ म्हणाले. "सांध्यांची सफाई."

"उघडून दाखवा."

भाऊंनी ओढलं. गुडघ्यात धरून ओढलं. शेवटी कडाड आवाज झाला. झाकण जागच्या जागी राहिलं आणि पेटीचा तळ निघाला.

"खालून उघडते वाटतं," मोठ्या बाई म्हणाल्या. "दुसरी राहू द्या. हा ठोकळा कशाचा?"

"ठोकळा नाही, सहा चकत्या आहेत."

"एक बघू."

भाऊंनी नखं लावून पाहिली. दारातून जिजीला त्यांचा कान लाल होताना दिसला.

"या," ते म्हणाले, "एकत्रच दिल्या जातात."

जिजीला वाटलं, आता चहाच वाचवेल. बशांशिवाय तीन कप ट्रेत ठेवून, काठोकाठ भरून ती लगबगीनं आली. लगबगीनं आल्यामुळे थोडा ट्रेत सांडला. भाऊंनी तोवर लाकडाच्या रेषांवर बोलणं काढलं. ते दहा मिनिटं चाललं आणि ट्रे मधल्या स्टुलावर तसाच राहिला. मग मोठ्या बाईंनी कप उचलला.

कपाबरोबर ट्रे उठला. ट्रेबरोबर उरलेले दोन कपही उठले.

"बाई, सोडू नका," म्हणत भाऊंनी ट्रेची दुसरी कड धरली. रुग्णाला उचलून नेणाऱ्या दोन परिचारिकांसारखे दोघं समोरासमोर उभे राहिले. मोठ्या बाई शिस्तीच्या. हातात आलेला चहा टाकणं त्यांना मंजूर नसावं. त्यांनी कप तोंडाला लावला. त्या प्यायल्या की भाऊ चवड्यांवर वर, त्या थांबल्या की भाऊ खाली. असा तो चहा संपला.

तेवढ्यात जिजीचं लक्ष दोरीकडे गेलं. पिवळ्या फडक्यातून अजून पाणी ठिबकत होतं. गल्लीत पडलेलं मिस्त्रींचं वाक्य परत आलं. गरम लागलं, ओलं लागलं की जागा होतो. सांगून टाकावं म्हणून तिनं तोंड उघडलं, पण मोठ्या बाई उठल्या होत्या.

"बरं. मी कळवते."

याचा अर्थ काय होतो हे न कळायला खोलीतलं कुणी लहान नव्हतं. मोठ्या बाईंनी पिशवी उचलली, मग पत्राला हात घातला. पत्र हललं नाही. त्यांनी ओढलं, तेव्हा नखाएवढा कोपरा हातात आला.

"हा कागद मला परत न्यायचाय."

"तो आता येणार नाही, बाई," भाऊ हळूच म्हणाले. आता त्यांच्या आवाजात ऐट नव्हती. "चूक माझी आहे. पॉलिशच्या जागी मी गोंद लावला. मिस्त्रींनी सांगितलं होतं, ऐकलं नाही. मोजता येतं म्हणून सगळंच येतं असं वाटलं. हवेतल्या ओलीनं घात केला."

जिजीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. बोलायला हवं होतं. ती बोलली नाही.

मोठ्या बाईंनी मेजाकडे पाहिलं, भाऊंकडे पाहिलं, हातातल्या कोपऱ्याकडे पाहिलं. मग ती मिटलेली छत्री उघडली. त्या इतक्या हसल्या की वरच्या मावशी जिन्यापर्यंत येऊन गेल्या.

"बावीस वर्षं शिक्षक नेमतेय," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "चूक माझी आहे म्हणणारा पहिलाच. मुलींना तेवढं शिकवलंत तरी पुष्कळ आहे." आणि खाली बसून, मेजावर वाकून, त्यांनी होतं तिथंच पत्रावर सही केली.

सोमवारी भाऊ मेज काखेत मारून निघाले. मिस्त्रींनी दुकानातून हाक मारली, "साहेब, मेज विकायला निघालात?"

"नाही. नेमणुकीचं पत्र दाखवायला."

शाळेच्या कारकुनानं पत्र फाईलला लावायला मागितलं. मेज फाईलमध्ये बसेना. मग त्याच्यावरच शिक्का मारून, पायाला क्रमांकाची चिठ्ठी बांधून त्यानं ते कपाटावर ठेवून दिलं. तिथं ते अकरा वर्षं राहिलं. त्या अकरा वर्षांत कितीतरी मुली पेट्या करायला शिकल्या, आणि दर वर्षी पहिल्या तासाला भाऊ त्यांना सांगत, "मुलींनो, गोंदाची झिलई करू नका. हवेतली ओल तिला सोसत नाही." हे वाक्य ते घरीही म्हणून बघत, आणि प्रत्येक वेळी जिजीला स्वयंपाकघरात काहीतरी काम आठवे.

भाऊंनी शाळा सोडली तेव्हा शाळेनं मेज परत दिलं. दुपारी दोघं खिडकीशी बसली होती, मध्ये मेज. पत्र पिवळं पडलं होतं, पण सही स्वच्छ होती. जिजीनं आपला चहाचा कप मेजावर ठेवला आणि एकदाचं सांगून टाकलं.

"अहो, ती हवेतली ओल नव्हती. मी पुसलं होतं. गरम पाण्यानं."

भाऊंनी चष्मा पुढे ओढला आणि पत्राच्या कडेला बोट ठेवलं. कागदाखालून तीन पिवळे धागे बाहेर डोकावत होते.

"त्याच दिवशी दिसले होते."

"आणि अकरा वर्षं बोलला नाहीत?"

"काय बोलणार? तू पुसलं नसतंस तर कागद चिकटला नसता. आणि चिकटला नसता तर बाई तो घेऊन गेल्या असत्या." ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मी परत विटा मोजत बसलो असतो."

अकरा वर्षांचं ओझं असं अलगद उतरेल असं जिजीला वाटलं नव्हतं. वर तिलाच शाबासकी. कुठं बघावं हे न कळून तिनं घाईघाईनं चहाचा कप उचलला.

पत्रासकट मेज उठलं.

"सोडू नकोस," भाऊ म्हणाले, आणि त्यांनी दुसरी कड धरली.