देवाच्या फरशीवरचं चॉकलेट

सबंध गिरगावात विलायती दर्जाचं चॉकलेट बनवू शकणारी एकमेव बाई म्हणजे मी! असं मी १९६०च्या एप्रिलात महिला मंडळाच्या नलूताईंना छातीठोकपणे सांगितलं. शिक्षण? गावदेवीच्या एका पारशीणबाईंकडे दोन दुपारी!

नलूताई म्हणाल्या, "एक मेला चाळीत नव्या राज्याचा सोहळा आहे. त्या सकाळी आठला नमुना दाखव. जमला, तर मंडळाची खोली तुझी. घे चॉकलेटचा वर्ग!"

माझा वर्ग! दारावर माझ्या नावाची पाटी!

लागले हत्यारं जमवायला. चॉकलेट पसरून थंड करायला संगमरवर हवा. तो आमच्या घरात एकाच ठिकाणी, देव्हाऱ्याखाली! आमच्या सासूबाईंनी, यशोदाबाईंनी, देव पाटावर हलवले, पण बजावलं, "फरशी देवाची आहे. तिच्यावर काहीही कर, पहिला नैवेद्य त्याला."

"हो आई, नक्की!" तेव्हा मी कशालाही हो म्हटलं असतं.

पसरायला रंगाऱ्याची पट्टी आणली. साचे मोदकाचे. राहिला थर्मामीटर. तापाच्या थर्मामीटरचे आकडे चौऱ्याण्णवला सुरू होतात आणि चॉकलेट हवं अठ्ठ्याऐंशीवर! शेवटी शेजारच्या फोटो स्टुडिओवाल्या हेरंबभावजींनी एक नवाकोरा दिला. "फिल्म धुवायला आणला होता. चॉकलेटचा फोटो नीट आला की सांगा हं, वहिनी!"

एक मेची सकाळ. खाली तोरणं बांधणं चाललेलं. वर मी चॉकलेटची लादी वाफेवर वितळवली, फरशीवर ओतली, पसरली, गोळा केली, पुन्हा पसरली. काय चकाकी! आमचे हे त्यात बघून भांग पाडून गेले!

मी साचे पुसायला खिडकीपाशी गेले. परत येऊन पट्टीचे चार हात मारले मात्र, चॉकलेट गपकन आळलं! भिंतीचा गिलावाच! आणि त्यातून वर आलं एक तुळशीचं पान.

"आई, हे काय?"

"नैवेद्य! तूच हो म्हणालीस ना?"

"पाणी घातलंत?"

"पाणी फिरवल्याशिवाय नैवेद्य होतो का गं?"

पारशीणबाईंनी तीनतीनदा सांगितलं होतं, "पानीचा एक थेंब नाय पडला पायजे!" इथे तर तुळस निथळत होती!

पावणेआठ वाजलेले. मी रडायलाच लागले. "अहो, नलूताईंना जिन्यात अडवा!"

हे धावले. "नलूताई, नव्या राज्याबद्दल आपलं काय मत?" नलूताईंना मतं भरपूर. वीस मिनिटं सुटली!

"रडतेस काय?" सासूबाईंनी पदर खोचला. "पाक आळला की दूध घालतात. खरवड ते!"

कढईत वाटीभर गरम दूध, मूठभर खवा, वर सासूबाईंचा हात. थेंबभर पाण्यानं रुसलेलं चॉकलेट वाटीभर दुधानं लोण्यासारखं मऊ झालं! घोटून गोळा झाला, साच्यात दाबला.

नलूताईंनी एक मोदक खाल्ला. दुसरा खाल्ला. तिसऱ्याला डोळे मिटले. "तुळशीचा वास येतोय का गं?"

"विलायती पद्धत आहे ती!" मी म्हटलं.

"विलायती कसली? माझी आहे!" सासूबाई म्हणाल्या.

खोली मिळाली. पाटीही लागली: 'चॉकलेट मोदक वर्ग. शिक्षिका: यशोदाबाई.'

वीस वर्षं तो वर्ग तुडुंब चालला. मीही होते हो तिथे! फरशी कोरडी ठेवायचं काम माझ्याकडे होतं.